एक्स्प्लेनर : मसल कारच्या टायरवर नाव, डोक्यावर मात्र कर्ज, कोण होते चार्ल्स गुडइयर?

१९६०-७० च्या दशकातील अमेरिकी मसल कारचा फोटो पाहिला की लांबलचक बॉनेटनंतर नजर जाते ती चाकांवर. क्रोमची चकचकीत रिम, काळा रुंद टायर आणि त्यावर उठून दिसणारी पांढरी अक्षरे. अनेक गाड्यांवर ही अक्षरे असतात ‘गुडइयर’. छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूज औद्योगिक वसाहतीत याच नावाचा टायर कारखाना आहे, त्यामुळे महाराष्ट्रालाही हे नाव नवे नाही.

मात्र ज्यांच्यावरून हे नाव पडले, त्या चार्ल्स गुडइयर यांनी आयुष्यात कधी मोटारगाडी पाहिली नाही. त्यांच्या नावाच्या कंपनीशी त्यांचा किंवा त्यांच्या कुटुंबाचा संबंध नव्हता. १८६० मध्ये त्यांचे निधन झाले तेव्हा डोक्यावर सुमारे दोन लाख डॉलरचे कर्ज होते. तरीही आज जुनी मसल कार रस्त्यावर चालवणाऱ्याला टायर निवडताना जो पहिला प्रश्न विचारावा लागतो, तो गुडइयर यांनी सोडवलेल्या कोड्यातूनच येतो. हे कोडे काय होते आणि त्याची किंमत त्यांनी कशी मोजली, ते जाणून घेऊ.

मसल कारसाठी टायरचा प्रश्न इतका महत्त्वाचा का?

मध्यम आकाराच्या गाडीत मोठ्या गाडीचे इंजिन बसवायचे, हे मसल कारचे साधे सूत्र. १९६४ च्या पाँटिअ‍ॅक जीटीओपासून ही लाट सुरू झाली असे सर्वसाधारणपणे मानले जाते. १९७० च्या शेव्हरोले शेव्हेल एसएस ४५४ मध्ये तर ७.४ लिटरचे इंजिन होते आणि त्याच्या सर्वात ताकदवान प्रकाराची नोंदवलेली शक्ती ४५० हॉर्सपॉवर होती. एवढ्या गाडीला चाके मात्र १४ इंचांची, रिमची रुंदी ७ इंच.

ही सगळी ताकद रस्त्यापर्यंत पोहोचते ती चार टायरच्या जमिनीला टेकलेल्या भागातून. तो भाग प्रत्येकी साधारण तळहाताएवढा. ब्रेकही तिथेच लागतो आणि वळणही तिथेच सांभाळले जाते. तेवढ्या जागेतील रबर किती तापते आणि तापल्यावर कसे वागते, यावर सगळे अवलंबून असते. उष्णता आणि रबर यांचे हे भांडण दोनशे वर्षे जुने आहे.

गुडइयर रबराकडे कसे वळले?

चार्ल्स गुडइयर यांचा जन्म २९ डिसेंबर १८०० रोजी अमेरिकेतील कनेक्टिकट राज्यात न्यू हेवन येथे झाला. वडील अमासा यांचा बटणे, शेतीची अवजारे आणि लोखंडी सामान बनवण्याचा धंदा होता. चार्ल्स त्यातच वाढले. १८२४ मध्ये क्लॅरिसा बीचर यांच्याशी त्यांचा विवाह झाला. पुढे त्यांनी फिलाडेल्फियात लोखंडी सामानाचे दुकान काढले. उधारी वाढत गेली आणि १८३० च्या सुमारास धंदा बुडाला. त्या काळी कर्ज फेडता आले नाही तर थेट तुरुंगात जावे लागे. गुडइयर यांचेही तेच झाले आणि पुढे अनेकदा होत राहिले.

१८३४ मध्ये न्यूयॉर्कमध्ये त्यांनी रॉक्सबरी इंडिया रबर कंपनीच्या दुकानातून रबराचा एक जीवरक्षक पट्टा विकत घेतला. त्यात हवा भरायचा व्हॉल्व्ह त्यांना कामचलाऊ वाटला. त्यांनी सुधारित व्हॉल्व्ह बनवला आणि तो विकायला दुकानात गेले. दुकानदाराने त्यांना आतली परिस्थिती दाखवली. उन्हाळ्यात कंपनीचा माल वितळून चिकट, दुर्गंधीयुक्त गोळा होऊन परत येत होता. व्हॉल्व्ह सुधारून उपयोग नव्हता, सुधारायला हवे होते ते रबर.

तेव्हा अमेरिकेत रबराची मोठी लाट येऊन गेली होती. बूट, रेनकोट, पिशव्या असे बरेच काही बाजारात आले. मात्र थंडीत हा माल लाकडासारखा कडक व्हायचा आणि उन्हाळ्यात पाघळायचा. गुंतवणूकदारांनी हात पोळून घेतले होते. रबराचा धंदा संपला असे सगळे मानत असताना गुडइयर त्यात उतरले. रसायनशास्त्राचे औपचारिक शिक्षण त्यांनी घेतलेले नव्हते.

तुरुंगात लाटणे कशासाठी मागवले?

फिलाडेल्फियाला परतल्यावर कर्जापायी त्यांना पुन्हा तुरुंगात टाकण्यात आले. तिथे त्यांनी पत्नीकडून कच्चे रबर आणि स्वयंपाकघरातील लाटणे मागवून घेतले आणि कोठडीतच रबर मळून, लाटून प्रयोग सुरू केले. कच्चे रबर स्वस्त होते आणि हातांना काम होते.

सुटका झाल्यावर त्यांनी रबरात मॅग्नेशिया मिसळून पाहिले. पांढरेशुभ्र, कोरडे रबर तयार झाले. त्याचे बूट घरच्यांनी मिळून बनवले. उन्हाळा आला आणि बूट पाघळले. वासाला कंटाळून शेजाऱ्यांनी तक्रारी केल्या. त्यानंतर नायट्रिक आम्लाची प्रक्रिया सापडली. तिने रबराचा पृष्ठभाग गुळगुळीत, कोरडा होत असे. १८३७ मध्ये त्याचे पेटंटही मिळाले. मात्र त्याच वर्षी अमेरिकेत आर्थिक संकट आले आणि त्यांचा भांडवलदारच बुडाला.

पुढे मॅसॅच्युसेट्समध्ये सरकारकडून टपालाच्या १५० पिशव्यांचे काम मिळाले. पिशव्या दिसायला उत्तम झाल्या. उबदार खोलीत ठेवून गुडइयर काही आठवडे बाहेरगावी गेले. परतले तेव्हा पिशव्या स्वतःच्याच वजनाने ओघळत होत्या. आम्लाने फक्त वरचा थर बदलला होता, आत रबर तसेच कच्चे होते.

टायर पारखतानाही हीच गोष्ट लक्षात ठेवावी लागते. वरून चकचकीत दिसणारे रबर आतून कसे आहे, हे उष्णता लागल्याशिवाय कळत नाही.

१८३९ मध्ये नेमके काय घडले?

वोबर्न या गावातील कारखान्यात गुडइयर यांची नथानिएल हेवर्ड यांच्याशी गाठ पडली. रबरात गंधक मिसळून ते उन्हात वाळवले की चिकटपणा कमी होतो, हे हेवर्ड यांच्या लक्षात आले होते. गुडइयर यांनी ती कल्पना विकत घेतली. १८३९ मध्ये त्या प्रक्रियेचे पेटंट गुडइयर यांच्या नावे झाले.

त्याच वर्षी गंधक मिसळलेल्या रबराचा एक तुकडा तापलेल्या शेगडीला लागला. अपेक्षेप्रमाणे तो वितळायला हवा होता. तो चामड्यासारखा करपला. करपलेल्या भागाच्या कडेला मात्र एक पट्टी अशी होती की ती ना चिकट होती ना कडक. ताणली की पुन्हा जागेवर येत होती. गुडइयर यांनी तो तुकडा रात्रभर बाहेरच्या कडाक्याच्या थंडीत खिळ्याला टांगून ठेवला. सकाळीही तो लवचीकच होता.

हा निव्वळ अपघात होता, असे म्हटलेले गुडइयर यांना कधीच आवडले नाही. पाच वर्षे त्याच प्रश्नाच्या मागे लागलेल्या माणसालाच त्या करपलेल्या तुकड्याचा अर्थ कळला, असे त्यांचे म्हणणे होते. त्यात तथ्य आहे, कारण त्यानंतरही किती तापमान आणि किती वेळ हे ठरवण्यात आणखी काही वर्षे गेली. दाबाखालील वाफेने साधारण १३० अंश सेल्सिअसला काही तास तापवायचे, हे उत्तर हळूहळू हाती आले.

यामागचे विज्ञान काय?

कच्चे रबर म्हणजे लांबच लांब रेणूंच्या साखळ्या. शिजवलेल्या शेवयांसारख्या त्या एकमेकींत गुंतलेल्या असतात, पण बांधलेल्या नसतात. उष्णता लागली की एकमेकींवरून घसरतात आणि रबर पाघळते. गंधकासह तापवले की गंधकाचे अणू या साखळ्यांमध्ये जागोजागी पूल बांधतात. मग साखळ्या ताणल्या जातात, पण सुटत नाहीत. सोडल्या की परत जागेवर येतात.

जे रबर उष्णतेने बिघडत होते, ते गंधकाच्या साथीने उष्णतेनेच पक्के झाले. यालाच व्हल्कनायझेशन म्हणतात. आपल्याकडे महामार्गावरच्या पंक्चरच्या दुकानांवर दिसणारा ‘व्हल्कनायझिंग’ हा शब्द तोच. रोमन अग्निदेव व्हल्कनवरून तो आला. विशेष म्हणजे हा शब्दही गुडइयर यांचा नाही, तो इंग्लंडमधील त्यांच्या प्रतिस्पर्ध्याच्या मित्राने सुचवलेला आहे.

कुटुंबाने काय सोसले?

शोध लागला तेव्हा घरात खायला नव्हते. घरातले सामान विकले गेले, मुलांची शाळेची पुस्तकेही विकली गेली. क्लॅरिसा यांच्या स्वयंपाकघरात भाकरीच्या आधी रबर भाजले जात होते. १८४० मध्ये दोन वर्षांचा मुलगा दगावला, तेव्हा अंत्यविधीसाठीही पैसे नव्हते. त्यांच्या बारा अपत्यांपैकी सहा बालपणीच गेली.

या काळात मेहुणे विल्यम डी फॉरेस्ट यांनी पैसे पुरवले म्हणून प्रयोग चालू राहिले. गुडइयर यांच्या चिकाटीचे कौतुक नेहमी होते. त्या चिकाटीचा हप्ता बायको-मुलांनी भरला, हे मात्र फारसे सांगितले जात नाही. स्वतः गुडइयर यांची प्रकृतीही ढासळत गेली. वर्षानुवर्षे शिसे आणि इतर रसायनांमध्ये काम केल्याचा हा परिणाम असावा, असे मानले जाते.

शोध लागला, मग पैसा कुठे गेला?

१५ जून १८४४ रोजी गुडइयर यांना अमेरिकेत पेटंट मिळाले. इंग्लंडमध्ये मात्र उशीर झाला होता. त्यांच्या रबराचे नमुने तिथे आधीच पोहोचले होते. रबर उद्योजक थॉमस हॅनकॉक यांनी ते तपासले. त्यांना गंधकाचा माग लागला आणि २१ नोव्हेंबर १८४३ रोजी त्यांनी स्वतःचा अर्ज दाखल केला. गुडइयर यांचा इंग्लंडमधील अर्ज काही आठवडे मागे पडला. हॅनकॉक यांनी निम्मा वाटा देऊ केला होता, तो गुडइयर यांनी नाकारला. खटल्यात ते हरले.

अमेरिकेत होरेस डे या उद्योजकाविरुद्धचा खटला १८५२ मध्ये ट्रेंटन येथे गाजला. गुडइयर यांच्या बाजूने डॅनिएल वेबस्टर उभे राहिले. ते तेव्हा अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री होते. त्यांची फी होती १५ हजार डॉलर. खटला गुडइयर यांनी जिंकला. मात्र परवाने त्यांनी फार स्वस्तात दिले होते आणि कोर्टकचेरीत बरेच काही गेले.

उरलेला पैसा त्यांनी प्रदर्शनांत घातला. १८५१ मध्ये लंडनला आणि १८५५ मध्ये पॅरिसला त्यांनी रबराच्या वस्तूंची भव्य दालने उभारली. रबराचे फर्निचर, रबराचे दागिने अशी ती दालने होती. पॅरिसमध्ये त्यांचे फ्रेंच पेटंट रद्द झाले, बिले थकली आणि ते पुन्हा कर्जदारांच्या तुरुंगात गेले. फ्रान्सचा सम्राट तिसरा नेपोलियन याने दिलेला ‘लीजन ऑफ ऑनर’ हा सन्मान त्यांना मिळाला तो तुरुंगातच.

क्लॅरिसा १८५३ मध्ये वारल्या होत्या. १ जुलै १८६० रोजी गुडइयर यांचे न्यूयॉर्कमध्ये निधन झाले. मरणासन्न मुलीला भेटायला ते निघाले होते. वाटेतच ती गेल्याचे कळले आणि ते कोसळले.

मग टायर कंपनीला त्यांचे नाव कसे मिळाले?

हवा भरलेल्या टायरची कल्पना रॉबर्ट थॉमसन यांनी १८४५ मध्ये पेटंट केली. ती व्यवहारात आणली जॉन बॉइड डनलॉप यांनी १८८८ मध्ये. गुडइयर यांच्या मृत्यूनंतर ३८ वर्षांनी, १८९८ मध्ये फ्रँक सायबरलिंग यांनी ओहायोतील अ‍ॅक्रन येथे मेहुण्याकडून पैसे उसने घेऊन कारखाना सुरू केला. सुरुवातीला सायकल आणि घोडागाडीचे टायर बनवणाऱ्या या कंपनीला त्यांनी आदरापोटी गुडइयर यांचे नाव दिले.

याच कंपनीने १९६७ मध्ये ‘पॉलिग्लास’ टायर आणला. पॉलिएस्टरच्या धाग्यांवर फायबरग्लासचा पट्टा अशी त्याची बांधणी होती. मसल कारच्या सुवर्णकाळाचा तो ओळखीचा टायर ठरला.

आज मसल कारसाठी टायर निवडताना काय पाहावे?

*आधी वय, मग नक्षी.* मसल कार वर्षात थोडीच चालते. त्यामुळे टायर झिजत नाही, म्हातारा होतो. गुडइयर यांनी बांधलेल्या पुलांवर ऊन, प्राणवायू आणि ओझोन यांचा हल्ला सतत चालू असतो. रबर कडक होते, साइडवॉलला बारीक भेगा पडतात. नक्षी मात्र नव्यासारखी दिसते.

साइडवॉलवर ‘डॉट’ या अक्षरांनी सुरू होणाऱ्या क्रमांकाचे शेवटचे चार अंक पाहावेत. २३१९ म्हणजे २०१९ मधला २३ वा आठवडा. तीनच अंक असतील तर टायर २००० पूर्वीचा आहे. तो रस्त्यावर नको. सहा वर्षांनंतर टायर बदलावा असे अनेक गाडी उत्पादक सांगतात. दहा वर्षांनंतर तो नक्षी कितीही असली तरी काढावा. गाडीबरोबर आलेले मूळ पॉलिग्लास टायर प्रदर्शनापुरते जपावेत.

*बायस की रेडियल?* जुन्या बायस टायरमध्ये धाग्यांचे थर तिरपे, एकमेकांना छेदत जातात. चालताना ते एकमेकांवर घासतात आणि टायर जास्त तापतो. रेडियलमध्ये धागे चाकाच्या फिरण्याच्या दिशेला काटकोनात असतात आणि नक्षीखाली पोलादी पट्टा असतो. तो कमी तापतो आणि रस्ता अधिक धरतो. जुन्या साच्यातून नव्याने बनवलेले बायस टायर मिळतात, ते दिसण्यासाठी चांगले. रोज किंवा लांब अंतर चालवायची असेल तर रेडियल घ्यावेत.

चारही टायर एकाच प्रकारचे असावेत. बायससाठी बनलेल्या गाडीचे अलाइनमेंट रेडियलला पुरत नाही. पुढच्या चाकांचा कॅस्टर कोन वाढवून घ्यावा लागतो, नाहीतर गाडी सरळ रेषेत भरकटते.

*जुना आकार नव्या भाषेत.* एफ७०-१४ मध्ये ‘एफ’ हे आकार आणि भारक्षमतेचे अक्षर, ७० म्हणजे रुंदीच्या ७० टक्के उंची आणि १४ इंच रिम. याच्या जवळचा रेडियल २२५/७० आर १४. त्याचा बाहेरचा व्यास सुमारे ६७१ मिमी येतो. चांगल्या ब्रेकसाठी मोठी रिम हवी असेल तर २३५/६० आर १५ चा व्यास ६६३ मिमी आणि २३५/५० आर १७ चा ६६७ मिमी. व्यास जवळपास सारखा ठेवला की स्पीडोमीटर आणि गिअरचे गणित बिघडत नाही.

*वेगाचे अक्षर.* आकारानंतर येणारे एस म्हणजे ताशी १८० किमी, टी १९०, एच २१० आणि व्ही २४०. पांढऱ्या अक्षरांच्या १४ आणि १५ इंची रेडियलवर बहुधा एस किंवा टी असते. सावकाश फेरफटक्याला ते पुरेसे आहे. गाडी खरोखर पळवणार असाल तर १७ इंची रिमवर वरच्या दर्जाचे टायर मिळतात. ही मर्यादाही शेवटी उष्णतेचीच आहे. त्या वेगाला टायर किती तापून टिकतो, तेच हे अक्षर सांगते.

*रिम घेताना.* शेव्हेल, कमॅरो, जीटीओ या जनरल मोटर्सच्या गाड्यांत पाच नटांचे वर्तुळ ४.७५ इंचांचे, तर व्ही-८ मस्टँग, डॉज चार्जर यांत ४.५ इंचांचे. फरक पाव इंचाचा आहे. डोळ्याला दिसत नाही, पण रिम जबरदस्तीने बसवली तर नट सैल होऊन चाक निखळू शकते.

दुसरे माप बॅकस्पेसिंग, म्हणजे रिमच्या टेकणाऱ्या पृष्ठभागापासून आतल्या कडेपर्यंतचे अंतर. ते जास्त झाले तर टायर सस्पेन्शनला घासतो, कमी झाले तर बाहेर मडगार्डला. स्टीअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून मोजावे. पुढे डिस्क ब्रेक असतील तर १४ इंची रिम त्यावर बसते का, हेही आधी पाहावे. जुनी लोखंडी रिम वापरायची असेल तर नटांच्या छिद्रांभोवती तडे आणि टायर बसतो त्या कडेला गंज तपासावा. रेडियल वळणावर रिमवर जास्त ताण टाकतो.

गुडइयर यांच्या आयुष्याचा आजच्या खरेदीशी काय संबंध?

टपालाच्या त्या १५० पिशव्या दिसायला निर्दोष होत्या. त्या ओघळल्या तेव्हा नुकसान झाले ते पैशांचे आणि अब्रूचे. ताशी १२० किमी वेगात पंधरा वर्षांचा टायर फुटला तर नुकसान तेवढ्यावर थांबत नाही. त्यामुळे टायरच्या दुकानात पांढऱ्या अक्षरांतले नाव वाचून झाले की खाली वाकून ते चार अंकही वाचावेत.